वार, हृदय आणि माहेरी राहिलेली फाईल

गेल्या वर्षी मोठ्या नणंदेबरोबर फिजिशियनकडे गेले होते. ताई त्रेचाळीस वर्षांच्या. महिनाभर डोकं जड, जिना चढताना दम. सिस्टरनी दंडाला पट्टा बांधला, आकडा आला १५८/९८. डॉक्टरांचे नेहमीचे प्रश्न सुरू झाले. शुगर? नाही. थायरॉईड? नाही. घरात कुणाला बीपी? वडिलांना. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "बाळंतपणात बीपी वाढलं होतं का?"

"हो, पहिल्या वेळी. आठव्या महिन्यात सिझर करावं लागलं. पण ते तेव्हाचं हो डॉक्टर. नंतर उतरलं."

"उतरलं हे बरंच झालं. त्यानंतर परत कधी मोजलं?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मधल्या सतरा वर्षांत त्यांनी सासूबाईंना दर महिन्याला बीपी तपासायला नेलं होतं, नवऱ्याच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा हिशेब ठेवला होता. स्वतःच्या दंडाला पट्टा काही बांधला नव्हता.

घरी येताना रिक्षात त्यांनी विचारलं, "अगं, पण बाळंतपणाचा आणि हृदयाचा संबंध काय?" मी डॉक्टर नाही, आरोग्याबद्दल लिहिते आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावते, एवढंच. रिक्षात त्यांना अर्धवट उत्तर दिलं. उरलेलं इथे लिहिते आहे.

आधी आकड्यांचं उरकून घेऊ. बीपीचा वरचा आकडा म्हणजे हृदय आवळतं तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर येणारा दाब आणि खालचा म्हणजे हृदय क्षणभर सैल पडतं तेव्हाचा. १२०/८० च्या आत असेल तर उत्तम. वेगवेगळ्या वेळी मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर आपल्याकडे त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. गरोदरपणातही हीच रेघ धरतात, आणि १६०/११० आला तर ती तातडीची वेळ असते. तिथे 'उद्या बघू' चालत नाही, अर्ध्या-एक तासात औषध सुरू व्हावं लागतं. वरचा किंवा खालचा, कुठलाही एक आकडा रेघेबाहेर गेला तरी तो धरायचा. 'खालचा तर बरा आहे ना' हे समाधान खोटं.

दिवस राहिल्यावर हृदयाला काय काम पडतं

गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त हळूहळू चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतं. हृदय मिनिटाला जेवढं रक्त ढकलायचं त्याच्या जवळजवळ दीडपट ढकलू लागतं, आणि हे बाई खुर्चीत शांत बसलेली असतानाही चालू असतं. एवढं रक्त वाढल्यावर बीपी चढायला हवं असं कुणालाही वाटेल. पण चौथ्या-पाचव्या महिन्यात ते उलट थोडं उतरतं, कारण हार्मोन्समुळे अंगभरच्या रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात. नळाला पाणी जास्त आलं, पण पाइपही रुंद झाले.

यात एक गोम आहे. एखादीला लग्नाआधीपासून बीपी असेल आणि कधी मोजलेलंच नसेल, तर पाचव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात गेल्यावर तिचं बीपी नॉर्मल दिसतं. मग आठव्या महिन्यात ते चढलं की हे नवीन की जुनंच, हे कुणालाच सांगता येत नाही. 'तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही' ही आपल्याकडची पद्धत. नातेवाइकांना नका सांगू, पण दवाखान्यात पहिल्या बारा आठवड्यांतच जा. तेव्हाचा आकडा पुढच्या सगळ्या आकड्यांसाठी मोजपट्टी असतो.

आता खरी गोष्ट वारेची. बाळ जन्मल्यावर पाठोपाठ वार पडते, ती टाकून देतात, आणि तिच्याबद्दल कुणी फार बोलत नाही. पण नऊ महिने बाळाची फुप्फुसं, मूत्रपिंडं आणि स्वयंपाकघर ती एकटीच असते.

गर्भाशयाच्या अस्तरात शंभरेक बारीक धमन्या मळसूत्रासारख्या वळसे घेत येतात. एरवी त्या अरुंद असतात, त्यांच्या भिंतीत स्नायू असतो, गरज पडली की त्या आवळतात. बाळ रुजल्यावर वारेच्या पेशी या धमन्यांत शिरतात आणि भिंतीतला स्नायू जवळजवळ मोडून काढतात. विसाव्या आठवड्याच्या सुमारास या धमन्या रुंद, सैल, कायमच्या उघड्या राहणाऱ्या वाटा होतात. शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जातं, ते या वाटांनी.

ज्यांनी उसाला दारं धरलंय त्यांना पुढचं समजावून सांगावं लागणार नाही. पाटाचं पाणी वाफ्यात संथ पसरतं आणि कडेच्या रोपापर्यंत पोचतं. तेच पाणी तोंडावर बोट दाबलेल्या पाइपातून सोडलं तर समोर खड्डा पडतो, माती वाहून जाते आणि कडा कोरडी राहते. काही बायकांमध्ये वारेच्या पेशी धमन्यांत नीट खोलवर शिरत नाहीत. धमन्या अरुंदच राहतात. रक्त जोरात येतं, वारेच्या नाजूक झुबक्यांना मार बसतो, आणि तरीही बाळाला पुरेसं मिळत नाही. बाळाचं वजन वाढेना, सोनोग्राफीत 'पाणी कमी आहे' असं दिसलं, की डॉक्टर डॉपलर करून याच वाटांचा प्रवाह बघत असतात.

इथपर्यंत त्रास बाळाचा. आईचा त्रास यापुढे सुरू होतो. उपाशी वार आईच्या रक्तात अशी काही द्रव्यं सोडते की तिच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. हे अस्तर केसाहून पातळ, पण अंगातल्या प्रत्येक धमनीला ते असतं, म्हणून दुखणं एका जागी राहत नाही. धमन्या आवळल्या की बीपी चढतं. मूत्रपिंडाची गाळणी सैल झाली की लघवीतून प्रोटीन जातं. रिपोर्टवर 'अल्ब्युमिन २+' असं लिहिलेलं असतं ते हेच. यकृत सुजलं की उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतं आणि घरातले ॲसिडिटीची गोळी देतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांवर ताण आला की डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, धूसर दिसतं. या सगळ्याला मिळून प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. जगात शंभरातल्या दोन ते आठ गरोदर बायकांना तो होतो. विसाव्या आठवड्यानंतर, बहुधा सातव्या महिन्याच्या पुढे.

आणि त्यानंतर आकडी. तिचं वैद्यकीय नाव एक्लॅम्पसिया. हा ग्रीक शब्द विजेच्या लखलखाटावरून आला आहे, आणि ज्यांनी आकडी बघितली आहे त्यांना हे नाव अचूक वाटतं. धडधाकट पोरगी बोलता बोलता ताठ होते, दातखीळ बसते, हातपाय झटकते. आपल्याकडे पूर्वी याला बाहेरचं झालं, लागिरलं असं म्हणायचे आणि देवऋषाकडे न्यायचे. त्यात जे तास जायचे त्यांनी किती बाळंतिणी नेल्या याचा हिशेब कुणाकडे नाही.

औषध मात्र साधं निघालं. मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त मीठ, लेबर रूममधल्या भाषेत नुसतं 'मॅग'. २००२ मध्ये ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार बायकांवर झालेल्या मॅगपाय चाचणीत दिसलं की प्रीएक्लॅम्पसिया झालेल्यांना मॅग दिलं तर आकडी येण्याचं प्रमाण निम्म्याहूनही कमी होतं. त्याची मात्रा पाश्चात्त्य बायकांच्या वजनावरून ठरलेली होती. आपल्याकडच्या किडकिडीत पोरींना ती जास्त होते का, हा प्रश्न सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी घेतला आणि कमी मात्रेची पद्धत मांडली. आपल्या मातीत विचारलेले असे प्रश्न मला फार मोलाचे वाटतात.

पायावरच्या सुजेबद्दल दोन शब्द. शेवटच्या महिन्यांत संध्याकाळी पाय सुजणं बहुतेकींना होतं आणि रात्रभर झोपल्यावर ते उतरतं. सकाळी उठल्यावर चेहरा, पापण्या सुजलेल्या असतील, अंगठी निघत नसेल, आठवड्यात दीड-दोन किलो वजन वाढलं असेल तर ती सूज वेगळी. तेव्हा बीपी आणि लघवी त्याच दिवशी तपासायची. उलट, सूज नाही म्हणून बीपी नसेल असंही धरून चालू नये. बीपी बऱ्याचदा काहीच जाणवू देत नाही.

टाळता येतं का?

काही अंशी. पहिलं बाळंतपण, वय पस्तिशीच्या पुढे, वजन जास्त, आधीपासून बीपी, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार, जुळी बाळं, आयव्हीएफने राहिलेले दिवस, आधीच्या खेपेला झालेला प्रीएक्लॅम्पसिया, आई किंवा सख्ख्या बहिणीला झालेला. यातलं काही असेल तर पहिल्या भेटीतच सांगावं. कारण कमी मात्रेतली ॲस्पिरिन, तीच हृदयविकारवाल्यांची, बाराव्या आठवड्यानंतर आणि शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू केली तर धोका कमी होतो. २०१७ मधल्या ॲस्प्री या चाचणीत जास्त धोका असलेल्या बायकांना रोज १५० मिलिग्रॅम दिल्यावर ३७ आठवड्यांआधी होणारा प्रीएक्लॅम्पसिया ६२ टक्क्यांनी घटला. उशिरा सुरू करून तेवढा उपयोग होत नाही, कारण धमन्या रुंद व्हायचं काम तोवर उरकलेलं असतं. 'सातव्यात बघू' का चालत नाही ते इथे कळतं. मात्र ही गोळी मेडिकलमधून आपल्या मनाने आणून खाण्याची नाही.

दुसरं कॅल्शियम. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज देतात, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. पुष्कळ जणींना ती हाडांची गोळी वाटते. हाडांसाठी आहेच, पण ज्यांच्या जेवणात दूधदुभतं कमी त्यांच्यात ती प्रीएक्लॅम्पसियाचा धोकाही कमी करते. २०२४ मध्ये बंगळुरूतल्या अकरा हजार गरोदर बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात रोजचे ५०० मिलिग्रॅम हे १५०० इतकेच उपयोगी पडल्याचं दिसलं. रोज तीन गोळ्या गिळायच्या की एक, हा फरक मळमळ होणाऱ्या बाईला विचारा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी मात्र एकत्र घेऊ नये, कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. एक सकाळी, एक रात्री. आणि लोहाच्या गोळीवर चहा नको.

मीठ पूर्ण तोडल्याने प्रीएक्लॅम्पसिया टळत नाही. अळणी भाकरी खाऊन बिचारीचं जेवणच तुटतं. पापड, लोणचं, फरसाण आवरतं घ्यावं, बाकी जेवणात नेहमीइतकं मीठ असू द्यावं.

प्रीएक्लॅम्पसिया झालाच तर खरा इलाज एकच, वार बाहेर येणं. ३७ आठवडे भरलेले असतील तर डॉक्टर थांबत नाहीत. त्याआधी असेल तर आईचं बीपी, रक्ताचे रिपोर्ट आणि बाळाची वाढ यांच्या तराजूत रोज तोलून बघतात. 'इतकी घाई कशाला, कळा येऊ द्या की' असं म्हणणारी आत्या प्रत्येक घरात असते. तिला हा परिच्छेद वाचायला द्यावा.

आधीपासून गोळी चालू असेल तर

हल्ली तिशीतच बीपीची गोळी सुरू झालेल्या मुली भेटतात, आणि त्यांच्या पाकिटावर बहुधा टेल्मिसार्टन लिहिलेलं असतं. एरवी चांगलं औषध. पण टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल ही सगळी मंडळी गरोदरपणात चालत नाहीत. त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होते, भोवतीचं पाणी आटतं. मूल हवं असं ठरलं की आधी डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यायची. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा ही वर्षानुवर्षं गरोदरपणात वापरलेली औषधं आहेत. दमा असेल तर लॅबेटॅलॉल सहसा टाळतात. अचानक दिवस राहिल्याचं कळलं तर घाबरून गोळी फेकून देऊन घरी बसू नये, त्याच दिवशी फोन करावा. बीपी मोकाट सोडणं हेही बाळाला तितकंच वाईट. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने हे दाखवून दिलं की गरोदरपणात जुनं बीपी १४०/९० च्या आत ठेवलं तर आई-बाळाचे गंभीर त्रास कमी होतात आणि बाळाच्या वाढीला धक्का लागत नाही. त्याआधी पुष्कळ डॉक्टर थोडं चढलेलं बीपी तसंच राहू देत.

बीपीचा संबंध दिवस राहण्याआधीपासून लागतो असं दाखवणारा एक अभ्यासही आहे. आधी एक-दोनदा गर्भ पडलेल्या सुमारे बाराशे बायकांमध्ये, दिवस राहण्यापूर्वीचा खालचा आकडा दर दहा अंकांनी जास्त असला की पुन्हा गर्भ पडण्याची शक्यता अठरा टक्क्यांनी जास्त दिसली. यावरून बीपीनेच गर्भ पडतो असं सिद्ध होत नाही. पण 'मूल राहत नाही' म्हणून हार्मोनच्या दहा तपासण्या करणाऱ्यांनी अकरावा तो पट्टाही बांधावा. तो तर फुकट असतो.

झडप, धाप आणि 'गरोदरपणात असं होतंच'

आपल्याकडे अजून एक जुनं दुखणं आहे. लहानपणी घसा धरून आलेला, सांधे सुजवणारा ताप. तो बरा होतो पण हृदयाच्या झडपेवर वण ठेवून जातो. झडप जाड होते, तोंड आक्रसतं. पोरगी शाळेत जाते, शेतात राबते, कधी काही जाणवत नाही. दिवस राहिल्यावर रक्त दीडपट होतं आणि तेवढ्या अरुंद दारातून ते पुढे जाईना, मग फुप्फुसात साठतं. सातव्या महिन्याच्या सुमारास हा भार शिगेला पोचतो. दुसरी धोक्याची वेळ बाळ झाल्याबरोबर, कारण गर्भाशय आवळलं की त्यातलं तीनशे ते पाचशे मिलिलिटर रक्त एकदम हृदयाकडे परत येतं.

धाप सगळ्याच गरोदर बायकांना थोडीफार लागते, म्हणून खरी धाप हरवून जाते. फरक असा: सपाट झोपता येत नाही, दोन-तीन उशा लागतात, मध्यरात्री गुदमरून उठून खिडकीशी बसावं लागतं, खोकल्यात गुलाबी फेस येतो, छाती सारखी धडधडते. यातलं काहीही दिसलं तर इको करायलाच हवा. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, त्यात बाळाला किरणं लागत नाहीत.

आणि एक प्रकार असा की ज्यात हृदय आधी अगदी चांगलं असतं. शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतर पाच महिन्यांच्या आत हृदयाचा स्नायूच दुबळा पडतो. बाळंतिणीला धाप, पायावर सूज, थकवा. घरातले म्हणतात, जागरणं चाललीत, अंगात रक्त नाही, डिंकाचे लाडू वाढवा. लाडू खुशाल खावेत, पण इको करून. वेळेत कळलं तर यातल्या पुष्कळ जणींचं हृदय सावरतं. पुढचं बाळंतपण मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

सव्वा महिना

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात मुलगी जाते, फाईल सासरच्या कपाटात राहते. माहेरच्या डॉक्टरांना आधीचे आकडे माहीत नसतात. बाळंतपण झाल्यावर परत सासरी येते तेव्हा डिस्चार्ज कार्ड माहेरच्या ट्रंकेत पडून राहतं. बाईचं आयुष्य दोन घरांत वाटलेलं असतं, तसे तिचे कागदही.

त्यात सव्वा महिना. खोलीचं दार लोटलेलं, शेक-शेगडी, मालीशवाली बाई, बाळाला बघायला येणारी माणसं. बाळंतपणानंतर बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातं, म्हणजे नेमकं घरी सोडल्यावर. आकडी बाळ झाल्यानंतरही येऊ शकते, जास्त करून पहिल्या दोन दिवसांत, पण कधी कधी त्यानंतरही. 'वारा लागला', 'डोक्यात थंडी भरली' म्हणून कानाला फडकं बांधून झोपलेल्या बाळंतिणीचं डोकं खरोखर कशाने दुखतंय हे पट्टा बांधल्याशिवाय कळत नाही. गरोदरपणात बीपी वाढलं असेल तर घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात ते मोजून घ्यावंच. आशाताई घरी येतात तेव्हा बाळाचं वजन करतात, त्यांना आईचंही बघायला सांगावं. दीड महिन्याच्या लसीला बाळाला नेता, तेव्हा त्याच केंद्रात आईच्या दंडाला पट्टा बांधायला दोन मिनिटं लागतात.

बहुतेकींचं बीपी तीन महिन्यांच्या आत उतरतं. आणि इथेच 'ते तेव्हाचं होतं' हे वाक्य जन्माला येतं.

प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बाईला पुढे कायमचं बीपी जडण्याची शक्यता इतरांच्या सुमारे चौपट असते, हृदयविकाराची आणि पक्षाघाताची साधारण दुप्पट. वार निघून गेली तरी धमन्यांचं अस्तर दुखावलेलं राहतं, की मुळात ते नाजूकच होतं आणि गरोदरपणाने ते उघडं पाडलं, यावर डॉक्टरांत अजून चर्चा चालते. दोन्ही थोडंथोडं खरं असावं. हृदयाचे डॉक्टर ट्रेडमिलवर पळवून हृदयाची परीक्षा घेतात. गरोदरपण ही नऊ महिन्यांची ट्रेडमिल आहे, तीही पंचविशीत, जेव्हा दुसरं कुणी आपल्या हृदयाकडे बघतही नसतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ मध्ये प्रीएक्लॅम्पसियाला स्त्रियांच्या हृदयविकाराच्या धोक्यांच्या यादीत घेतलं. आपल्याकडे ओपीडीतल्या केसपेपरवर मात्र अजून 'धूम्रपान? तंबाखू?' असा रकाना असतो, बाळंतपणाचा नसतो.

तेव्हा अशा बाईने वर्षातून एकदा बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघावं. जमेल तितके दिवस अंगावर पाजावं, त्याचा फायदा आईच्या हृदयालाही दिसतो. पुढचं मूल हवं असेल तर साधारण सहा-सात जणींतल्या एकीला प्रीएक्लॅम्पसिया परत होतो, म्हणून ॲस्पिरिनचा विषय पहिल्याच भेटीत काढावा.

गोळ्या, गौरी-गणपती आणि पिशवी

गर्भनिरोधक गोळ्यांचं थोडक्यात. माला-एन, माला-डी आणि बाजारातल्या बहुतेक गोळ्यांत इस्ट्रोजेन हे हार्मोन असतं. त्याने काहींचं बीपी चढतं, रक्तात गाठी होण्याची शक्यता वाढते. बीपी १४०/९० च्या पुढे असेल तर या गोळ्या टाळाव्यात, १६०/१०० च्या पुढे तर मुळीच नाहीत. तांबी चालते. लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेली सहेली, सरकारी दवाखान्यात 'छाया' नावाने मिळणारी, तिच्यात इस्ट्रोजेन नाही. गोळी सुरू करण्याआधी बीपी मोजणं एवढं साधं काम, पण मेडिकलच्या काउंटरवर ते कोण करणार!

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडे श्रावण ते दिवाळी त्यांचा हंगाम असतो. गौरी बसायच्या, पाळी नेमकी तेव्हाच, मग मेडिकलमधून पाच-दहा गोळ्यांची पट्टी. यात नॉरएथिस्टेरॉन असतं, आणि पाळी ढकलायला लागते त्या मात्रेत त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन बनतो. ज्यांचं बीपी चढलेलं आहे, ज्यांना पूर्वी पायात गाठ झाली आहे, अर्धशिशीत डोळ्यांपुढे झगमगतं, वजन फार आहे, सिगारेट ओढतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पट्टी घेऊ नये. शेजारणीला चालली म्हणून आपल्याला चालेल असं नाही. गौरींना काय चालतं हा माझा विषय नाही, पण घरातल्या एखाद्या वडीलधारीने 'अगं, राहू दे, नको ती गोळी' म्हटलं तर किती पोरी सुटतील!

पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा त्रास, असलेल्या मुलींमध्ये बहुधा इन्सुलिन नीट काम करत नाही. त्यामुळे शुगर, वजन, बीपी सगळंच लवकर चढायला बघतं. पाळी नियमित करायची गोळी मिळाली की प्रकरण संपलं असं वाटतं. वर्षातून एकदा पट्टा त्यांनीही बांधावा.

आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास थांबते. तोवर इस्ट्रोजेन धमन्यांना लवचीक ठेवत असतं, ते आधारकाठीसारखं निघून जातं आणि पुढच्या काही वर्षांत बीपी चढू लागतं. ही पाळी चाळिशीच्या आत गेली, किंवा ऑपरेशनने घालवली, तर हृदयाला ती वर्षं कमी मिळतात. इथे बीडची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यात कित्येक ऐन तिशीतल्या. बातम्यांत चर्चा झाली ती बुडणाऱ्या मजुरीची, उचलीची, मुकादमाची आणि खासगी दवाखान्यांची, व्हायलाच हवी होती. पण पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर त्या बाईला तिशीत म्हातारपण आलं. तिची हाडं आणि तिचं हृदय पुढची तीस-चाळीस वर्षं काय भोगेल, ते कोयता हातात घेतलेल्या तिला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं आणि स्पष्ट विचारावं: अंडाशयं ठेवणार का?

पट्टा कसा बांधायचा

मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसायचं, म्हणजे खरोखर गप्प, फोनही नाही. दंड टेबलावर, हृदयाच्या उंचीला. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर आकडा उगाच जास्त येतो. गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपवून वरच्या हाताचं बीपी घेतलं तर ते खोटं कमी येतं. घरी मशीन असेल तर दोनदा मोजून, तारीख-वेळेसकट वहीत लिहायचं. नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून.

ताईंची गोळी सुरू झाली. दिवाळीत माहेरी गेल्या तेव्हा ट्रंक उघडली. बाळाच्या कुंच्या-झबल्यांखाली, नाळेच्या पुडीशेजारी, पिवळं पडलेलं डिस्चार्ज कार्ड निघालं. बीपी १७०/११०, अल्ब्युमिन ३+, आठवडे ३४. आई म्हणाल्या, "तेव्हा आम्हाला वाटलं, दृष्टच लागली." ताईंनी कार्डाचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला आणि मग काय मनात आलं कुणास ठाऊक, बहिणी-बहिणींच्या ग्रुपवरही टाकला. खाली लिहिलं, कुणाकुणाचं असं झालं होतं?

पाच मिनिटांत सांगलीच्या मावसबहिणीचं उत्तर आलं, "माझं पण. दोन्ही वेळा. कागद कुठे असतील गं?"